काविळीचं वर्ष

बसस्थानकाच्या मागच्या अंगाला, तिकिटांच्या खिडक्या संपल्या की एक अरुंद बोळ लागतो. बोळाच्या टोकाला 'हरवलं-सापडलं' अशी पाटी असलेली खिडकी आहे. त्या खिडकीमागे एकोणीस वर्षं बसलेल्या बाईला सगळे खूणबाई म्हणतात. कुणी धापा टाकत आला आणि "माझी बॅग राहिली, काळी बॅग!" असं ओरडला, की ती मान वर न करता विचारते, "खूण सांगा." काळ्या बॅगा तिच्याकडे डझनाच्या खाली कधी नसतात.

खात्याचा नियम साधा आहे. सापडलेल्या वस्तूंची यादी फलकावर लावायची, पण प्रत्येक वस्तूची एक खूण लिहायची नाही. मुठीला बांधलेला दोरा, अस्तराला पडलेलं भोक, पाकिटात ठेवलेला फोटो, असलं काहीतरी पोटात ठेवायचं. ते जो सांगेल तो मालक. एकोणीस वर्षांत खूणबाईला आणखी एक गोष्ट कळली, ती कुठल्याच नियमात नाही. खोटं बोलणाऱ्याजवळ बारकावे नसतात. तो म्हणतो, काळी बॅग, मोठी, चांगली. खरा मालक न विचारलेलंही सांगतो. चेन अर्ध्यात अडकते, डावीकडून ओढावी लागते, बायको कधीची म्हणतेय नवीन घ्या म्हणून.

या ज्ञानाचा तिने जन्मात एकदाच वाईट उपयोग केला, आणि चार वर्षांनी तो तिच्या अंगाशी आला.

तिला एकच लेक. नवरा लिफ्टदुरुस्तीचा मेकॅनिक, आठवडाभर बाहेरगावच्या इमारतींत आणि शनिवारी घरी. लेक नववीत होती तेव्हाची गोष्ट. शाळा सुरू होऊन दोन महिने झाले होते. एका मंगळवारी तिने गणवेश घातला, एका पायात मोजा घातला आणि दुसरा हातात धरून पलंगाच्या कडेला बसून राहिली. आई म्हणाली, "बस जाईल." लेक म्हणाली, "जाऊ दे." त्यानंतर ती अकरा महिने शाळेत गेली नाही.

कुणी मारलं नव्हतं, कुणी चिडवलं नव्हतं. निदान खोदून खोदून विचारल्यावर तरी एकच उत्तर यायचं, "काही नाही." काही नाहीवर औषध कुठल्या दुकानात मिळतं? डॉक्टर म्हणाले, तिला वेळ द्या. जणू वेळ कपाटात घडी घालून ठेवलाय, काढायचा आणि द्यायचा. पुढे एका मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे दर पंधरा दिवसांनी जाणं सुरू झालं. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला बसायच्या, दोन बस बदलाव्या लागायच्या. जवळही एक होत्या, पण त्यांच्या दारात ओळखीचं कुणी भेटलं असतं. नवरा शनिवारी यायचा, लेकीच्या खोलीच्या दाराशी उभा राहायचा आणि म्हणायचा, "लिफ्ट मजल्यांच्या मध्ये अडकली की आतल्या माणसाशी आधी नुसतं बोलत राहायचं. दार उचकटायला जायचं नाही." मग तो बाहेरून क्रिकेटचे आकडे सांगत बसायचा. आतून उत्तर यायचं नाही.

चौथ्याच दिवशी शाळेतून वर्गशिक्षिकाबाईंचा फोन आला होता. खूणबाई त्या वेळी छत्र्यांना चिठ्ठ्या लावत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "कावीळ झालीय हो तिला." एवढं बोलून थांबली असती तर निभावलं असतं. पण बारकाव्यांशिवाय खोटं पकडलं जातं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून ती पुढे बोलत गेली. आधी भूक मेली. मग डोळे पिवळे वाटले. मी म्हटलं दिव्याचाच उजेड पिवळा असेल, म्हणून खिडकीपाशी नेऊन पाहिलं, तर काय! बाईंच्या तोंडून 'अरेरे' निघालं आणि कावीळ पक्की झाली. मग तीच शेजारणीला सांगितली, नणंदेला सांगितली, सख्ख्या बहिणीला सांगितली. कावीळ उलटली, पुन्हा झाली, अशक्तपणा राहिला, वर्ष वाया गेलं. सगळं कसं रांगेत.

आता लेक बारावीत, अठरा वर्षांची. नववी दोनदा, तेवढं सोडलं तर प्रगतिपुस्तक चांगलं. आणि या पोरीने अर्ज करायचं ठरवलं ते अशा विद्यापीठात, जिथे शंभरातल्या चौघांना घेतात.

"मग उरलेले शहाण्णव काय करतात?" खूणबाईने विचारलं.

"घरी जातात, आई."

"ते आधीच घरी असतील तर?"

"आई, प्लीज."

नुसते गुण पाठवून भागत नव्हतं. निबंध हवा होता. सहाशे शब्द, पाच विषय, त्यातला एक निवडायचा. विषयांचा कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता आणि दूध काढायला गेलं तरी वाचला जायचा. तुम्ही नेतृत्व केलेला प्रसंग. तुम्हाला आलेलं अपयश. तुमचं मत बदललं तो दिवस. जगासमोरचा एखादा प्रश्न आणि तुमचं उत्तर. आणि शेवटचा: तुमच्याविषयी असं काही, जे या अर्जात दुसरीकडे कुठेही दिसत नाही.

शनिवारी बापाने चष्मा लावून कागद वाचला. म्हणाला, "मला नोकरीला घेताना एकच विचारलं होतं, उंचीची भीती वाटते का."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"वाटते म्हणालो. म्हणाले, बरं आहे, पट्टा नीट बांधशील."

खूणबाईला हसायचंही त्राण नव्हतं. खिडकी आणि मांडण्यांमध्ये दिवसभर ये-जा करून तिचे पाय संध्याकाळी चपलेत मावत नसत. आल्या आल्या ती एक पाय खुर्चीवर ठेवायची आणि लाल पेन्सिल घेऊन लेकीचा निबंध तपासायला बसायची. पहिला निबंध शाळेच्या झाडं लावण्याच्या मोहिमेवर होता, विषय नेतृत्व. दुसरा वक्तृत्वस्पर्धेत हरल्यावर, विषय अपयश. तिसरा पाणी वाचवण्यावर. एक ना धड, भाराभर चिंध्या. आई शब्द बदलायची, लेक पुन्हा उतरवायची, आई परत बदलायची. महिनाभरात दोघींच्या नाकी नऊ आले.

सोमवारी संध्याकाळी लेकीने तिन्ही निबंध एकावर एक ठेवले आणि बाजूला सारले.

"कुणीही यावं आणि माझा म्हणून उचलून न्यावा असे झालेत हे. मी शेवटचा विषय घेते."

"कुठला, ते दुसरीकडे न दिसणारं? काय लिहिणार त्यात?"

"कवळ्या."

खूणबाईचा पाय खुर्चीवरून खाली आला.

कवळ्यांची गोष्ट अशी. घरी बसल्याला चार महिने झाले तेव्हा लेकीला एकटं सोडवेना, म्हणून आई तिला कामावर घेऊन जायला लागली. खिडकीमागे मांडण्यांची खोली आहे. तिथे एका स्टुलावर ती बसायची, भिंतीकडे तोंड करून. पुढे पुढे चिठ्ठ्या लिहू लागली. बोलायची नाही. एके दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले, तोंडावर रुमाल धरून. बसमध्ये डुलकी लागली, कवळी खिशात काढून ठेवली होती, ती पडली. खूणबाईकडे त्या महिन्यात तीन कवळ्या होत्या. तिने सवयीने विचारलं, "खूण सांगा." म्हातारे म्हणाले, "खूण कशली शांगू? दात आहेत." खूणबाई म्हणाली, नियम आहे. म्हातारे विचारात पडले. मग म्हणाले, "अशं करा, तिन्ही द्या. घालून बघतो. जी हशेल ती माझी."

आणि मागच्या खोलीतून हसू आलं. आधी खोकल्यासारखं, मग पोटातून. सात महिन्यांनी. हजेरीपटावर सही करायला आलेले घड्याळकाका दारातच थबकले. हे स्थानकाचे नियंत्रक, सतत घड्याळ बघतात म्हणून ते नाव. त्या दिवशी त्यांनीही घड्याळ पाहिलं नाही. खूणबाई मांडणीला धरून उभी राहिली आणि तिला पहिल्यांदा कळलं की आपले गुडघे किती दिवसांपासून दुखताहेत.

"विद्यापीठात कवळ्या पाठवणार तू?" आता तिने विचारलं.

"कवळ्या नाही, ते वर्ष. त्याच्याबद्दल लिहिते. घरी बसले होते, का ते मला कळत नव्हतं, आणि त्या आजोबांमुळे..."

"अगं, वेडी आहेस का?" शब्द गेला आणि तिने जीभ चावली.

लेक शांतपणे म्हणाली, "हाच शब्द तू चार वर्षं बोलली नाहीस. म्हटलं कधी येतोय."

"तसं नाही म्हणायचं मला. ते लोक तुला ओळखत नाहीत. शंभरातून शहाण्णव काढायचे आहेत त्यांना, कारणच शोधत बसलेले असणार. आणि तू आपण होऊन द्यायचं? उद्या हिला परत तसं झालं तर, म्हणतील. हात दाखवून अवलक्षण!"

"आणि झालं तर?"

हा प्रश्न खूणबाई रोज सकाळी लेकीचे मोजे वाळत घालताना स्वतःला विचारत असे.

मंगळवारी लेक शाळेतून आली ती दप्तर न काढताच स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली.

"बाईंनी शिफारसपत्र पाठवलं. आज मला बोलावून सांगितलं, खूश होत्या. म्हणाल्या, नववीचा खंड का पडला ते मी व्यवस्थित समजावून दिलंय. एवढ्या काविळीतून उठून तू अभ्यास भरून काढलास, हे त्यांना कळायलाच हवं."

खूणबाईने गॅस बंद केला. भाजी अर्धी कच्चीच होती.

"बरंच झालं की मग," ती हळूच म्हणाली. "आता काविळीवरच लिही. आलेली अडचण, तिच्यावर मात. मी सांगते तुला सगळं. भूक कशी मेली, खिडकीपाशी नेऊन कसं..."

"आई, मला कावीळ झालीच नव्हती."

"तुला नसेल. मला इतक्यांदा सांगावी लागलीय की होऊन गेल्यासारखीच वाटते."

हे विनोदाने म्हटलं होतं. पण कुणी हसलं नाही. लेक म्हणाली, अर्ज शुक्रवारी दुपारी बारा वाजता बंद होतो. पत्रात कावीळ आणि निबंधात दुसरंच असलं तर दोघांपैकी एक खोटं ठरेल, आणि ते ती खोटी ठरेल. म्हणजे खरं लिहायचं असेल तर पत्र बदलायला हवं. आणि पत्र बदलायचं तर बाईंना कुणीतरी सांगायला हवं.

"मी सांगणार नाही," लेक म्हणाली. "मी कावीळ म्हटलंच नव्हतं कधी. तू नको म्हणालीस तर मी झाडांवर लिहीन. पण काविळीवर नाही."

तिने काल रात्री लिहिलेल्या कवळ्यांच्या निबंधाचा कागद टेबलावर ठेवला. "वाच. लाल पेन्सिल न घेता."

खूणबाईने तो त्या संध्याकाळी वाचला नाही. बुधवारी डब्याच्या पिशवीत घालून कामावर नेला. दुपारच्या सुट्टीत खिडकी लावून घेतली, स्टुलावर बसली आणि घास हातात धरून वाचायला लागली. कवळ्या होत्या, म्हातारे होते, 'शांगू'सुद्धा होतं. भिंतीवरची ओल तिने वर्णिली होती. त्या महिन्यांत ती ओल एखाद्या देशाच्या नकाशासारखी पसरत कशी गेली ते. खूणबाईला ती ओल कधी दिसली नव्हती. तिने मान वळवून पाहिलं तर ती होती.

मग मधेच एक परिच्छेद आला. 'माझी आई लोकांना सांगायची की मला कावीळ झाली आहे. ती ते इतकं छान सांगायची की आत बसून ऐकताना मला त्या मुलीची काळजी वाटायची. कधीकधी वाटायचं, ती मुलगी माझ्यापेक्षा बरी. तिचं निदान सांगता तरी येतं.'

घड्याळकाकांनी खिडकीवर टकटक केली. "खूणबाई, दोन वाजून चार मिनिटं. रांग लागलीय."

"लागू दे."

"बरं वाटत नाहीये का?"

"काका, तुम्हाला माझ्या पोरीला काय झालं होतं असं वाटायचं?"

काका घुटमळले. "कावीळ म्हणाला होतात."

"ते मी म्हणाले होते. तुम्हाला काय वाटायचं?"

"तुम्ही म्हणालात म्हणून कावीळ," काका म्हणाले. मग घड्याळाची काच बोटाने पुसत पुढे म्हणाले, "काविळीचं पोर कुणी इथल्या धुळीत आणून बसवत नाही, एवढं कळतं मला. पण आपण कशाला बोला."

संध्याकाळी तिने लेकीला विचारलं, "असंच वाटायचं तुला?"

"तेव्हा."

"आता?"

"आता अर्ज भरायचाय," लेक म्हणाली आणि पुस्तकात डोकं घातलं. खूणबाई बराच वेळ तिच्या केसांच्या भांगाकडे पाहत बसली. रागवावं तर तिच्यावर की स्वतःवर, हे ठरवायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती. नवऱ्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मागे कुठेतरी साखळी खडखडत होती. म्हणाला, "मी येऊ का शाळेत? उद्या सुट्टी टाकतो."

"नको. कावीळ माझी आहे."

गुरुवारी तिने अर्धी रजा काढली. शाळा सुटायच्या वेळी शिक्षकांच्या खोलीत वर्गशिक्षिकाबाई वह्यांच्या गठ्ठ्यामागे बसल्या होत्या. तिला पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

"या, या! पत्र गेलं बरं का मुलीचं. अगदी मनापासून लिहिलंय."

"म्हणूनच आले. त्यातली कावीळ खोटी आहे."

"म्हणजे? तपासणी चुकली होती की काय?"

"तपासणी झालीच नव्हती. तिला कावीळ कधी झाली नव्हती. मी सांगितलं होतं तुम्हाला."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "तुम्ही मला सांगितलं होतंत, दिव्याचा उजेड पिवळा वाटला म्हणून खिडकीपाशी नेऊन डोळे पाहिले. मी ते वाक्य पत्रात घातलंय! आईची दक्षता म्हणून."

"हो. ते मी चांगलं सांगितलं होतं," खूणबाई बोलून गेली, आणि भुई दुभंगेल तर बरं असं तिला झालं.

"तुम्हाला कल्पना आहे का," बाईंचा आवाज चढला, "मी त्या वर्षी दोन महिने सगळ्या वर्गाला उकळलेलं पाणी आणायला लावलं होतं? मुख्याध्यापिकांच्या मागे लागून पाण्याची टाकी धुऊन घेतली. शिपायाला किती बोलणी बसली! तुझ्या हलगर्जीपणामुळे पोर आजारी पडलं, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या त्याला."

खूणबाईला हे नवीन होतं. आपलं खोटं आपल्या घरात आहे, फार तर शेजारीपाजारी, अशी तिची समजूत होती. ते इकडे शाळेच्या गच्चीवर चढून टाकी घासून घेत होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग तिने सांगितलं. मोजा, पलंगाची कड, अकरा महिने, लांबच्या डॉक्टरीणबाई. या वेळी बारकावे ठेवणीतले नव्हते, त्यामुळे गोष्ट अडखळत, मागेपुढे होत बाहेर आली. बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा निवळला, पण पुरता नाही.

"मला सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं?"

"काही नाही केलं असतं तुम्ही. मला तेव्हा कुणाच्याच डोळ्यांत ते बघायचं नव्हतं."

"आता मी विद्यापीठाला काय लिहू? माझं आधीचं पत्र खोटं होतं? माझी सही आहे त्याखाली. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीसाठी लिहीन तेव्हा माझ्या शब्दाला काय किंमत?"

बाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "तुम्ही लिहून द्या. माझी माहिती तुमच्याकडून आली होती असं मी सुधारित पत्रात म्हणेन आणि हे सोबत जोडेन. समोरचा वर्ग रिकामा आहे."

वर्ग रिकामा होता. बाकं लहान होती, तिचे गुडघे फळीला टेकत होते. सवयीने तिने आधी तारीख, वेळ आणि ठिकाण लिहिलं, मग खोडलं. पहिल्या कागदावर इतकी माफी झाली की काय झालं ते सांगायलाच जागा उरली नाही. दुसऱ्यावर स्वतःची बाजू झाली. तिसऱ्या कागदावर अर्ध्या पानात उरकलं:

'माझी मुलगी नववीत असताना अकरा महिने शाळेत गेली नाही. तिला कावीळ झाली नव्हती. ती घरी बसून होती. का, ते तिला सांगता येत नव्हतं आणि मला समजत नव्हतं. तिच्यावर डॉक्टरांचे उपचार चालू होते. खरं सांगितलं तर लोक तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतील असं वाटून मी शाळेला कावीळ सांगितली. मुलीने मला तसं सांगायला कधीही सांगितलं नव्हतं.'

बाईंनी कागद दोनदा वाचला. "शेवटचं वाक्य सगळ्यात आधी घ्या," त्या म्हणाल्या. "वाचणारा खालपर्यंत येईलच असं नसतं."

तिने पुन्हा लिहिलं आणि सही केली. बाई म्हणाल्या, "आज संध्याकाळपर्यंत पाठवते. पण एक सांगते, माझ्या मनातून हे जायला वेळ लागेल."

"लागू दे," खूणबाई म्हणाली. "तेवढं चालेल मला."

फाटकाशी शिपाई खुर्ची टाकून बसला होता. ती सरळ निघून गेली असती तर कुणाला कळणार नव्हतं. चार पावलं पुढे गेलीही. मग परत फिरली.

"दादा, चार वर्षांपूर्वी टाकीवरून तुम्हाला बोलणी बसली होती, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? तीन दिवस घासत होतो. कंबर धरली होती."

"ती बोलणी माझ्यामुळे बसली. माझ्या मुलीला कावीळ झाली नव्हती. मी खोटंच सांगितलं होतं. पाण्याचा काही दोष नव्हता, तुमचाही नव्हता."

शिपायाने तिच्याकडे आधी एका डोळ्याने आणि मग दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. "खोटं?"

"हो."

"कमाल आहे बुवा." तो जरा वेळ हनुवटी खाजवत राहिला. "सांगू का ताई, टाकी तशी घाण होतीच. पण बोलणी मात्र फार खाल्ली मी. ती काही परत घेता येत नाहीत."

"नाही येत," ती म्हणाली. ती बसथांब्याकडे निघाली.

शुक्रवारी सकाळी लेक टेबलाशी बसली होती. अकरा वाजायला आले होते. बाईंचं नवं पत्र पोहोचल्याची नोंद अर्जात दिसत होती. खूणबाई उशिरा कामावर जाणार होती. तसं तिने घड्याळकाकांना कळवलं होतं, आणि त्यांनी किती मिनिटं उशिरा ते विचारून घेतलं होतं.

"ते तुझ्याबद्दलचं वाक्य काढू का?" लेकीने विचारलं. "छान सांगायची वगैरे. अजून वेळ आहे."

"नको. राहू दे." मग म्हणाली, "'छान' तेवढं काढ. 'सविस्तर' घाल."

"आई, 'छान'च बरोबर आहे."

"बरं बाई."

लेकीने कळ दाबली. पडद्यावर गोल गोल काहीतरी फिरलं आणि अर्ज मिळाल्याची एक ओळ उमटली. इतक्या दिवसांच्या रगाड्यानंतर एवढीशी ओळ. दोघी तिच्याकडे पाहत राहिल्या.

"घेतील का गं?"

"शंभरात चार, आई."

"आणि यामुळे नाही घेतलं तर? या लिहिण्यामुळे?"

"तर ते कळणार नाही आपल्याला. ते कारण सांगत नाहीत." लेकीने लॅपटॉप मिटला. "पण मी काय पाठवलंय ते मला माहीत असेल."

खूणबाईला म्हणायचं होतं की आपण फार घाबरलोय. अर्जामुळे नाही, त्याच्या पुढच्या सगळ्यामुळे. लांबच्या गावी ही एकटी असेल आणि एखाद्या मंगळवारी एक मोजा घालून बसून राहील, तेव्हा दाराबाहेर कोण बोलत राहील? पण लेक आंघोळीला निघून गेली होती आणि नळ जोरात सुरू झाला होता.

तेवढ्यात फोन वाजला. खूणबाईची थोरली बहीण, दोन गावं पलीकडे राहणारी.

"काय गं, झाला का अर्ज पोरीचा? काय लिहिलं निबंधात शेवटी? झाडंच ना?"

"नाही ताई. नववीचं वर्ष लिहिलं."

"ते काविळीचं? अगो बाई! त्यात काय लिहिण्यासारखं? पण तब्येत सांभाळा हं तिची, परगावचं पाणी कसं असेल कुणास ठाऊक. कावीळ झालेल्या माणसाने..."

"ताई," खूणबाई म्हणाली, "तिला कावीळ झाली नव्हती."

"म्हणजे? मग काय झालं होतं?"

आंघोळीच्या खोलीतला नळ बंद झाला होता. दार पातळ होतं आणि आत सगळं ऐकू जात होतं, हे खूणबाईला ठाऊक होतं. तिने आवाज खाली आणला नाही.

"सांगते," ती म्हणाली. "थांब, आधी खुर्ची घेते."